काठीला दोन आधार

पोरांनो, 19 फेब्रुवारीची शिवजयंती जवळ आली की तुमच्यातला कुणीतरी पाईपचा तुकडा घेऊन दारात उभा राहतो आणि म्हणतो, "काका, मागच्या कॅरिअरला वेल्डिंगचे दोन टाके मारून द्या, झेंडा लावायचाय." दोन टाक्यांवर झेंडा लागतो, पण शिवनेरीखाली जुन्नरला पोचेपर्यंत काठी कलंडते. मग मागे बसलेला ती हातात धरतो, आणि परतीच्या वाटेवर झेंडा कुठेतरी साखळीत नाहीतर चाकात ओढला जातो. ज्या झेंड्यासाठी एवढी धावपळ, त्याची ही गत बघवत नाही. म्हणून यंदा सगळं एकदाच सांगून ठेवतो. यातलं बरंचसं माझ्या वस्तादांचं आहे. थोडं मी पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला दुकान चालवताना जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघून शिकलो.

वस्तादांची पहिली शिकवण वारकऱ्याकडे बोट दाखवून दिलेली होती. आषाढीला दिंडीत पताकावाला चालतो तेव्हा त्याची काठी खांद्यावर टेकलेली असते आणि पुढे हाताने खाली धरलेली असते. खांदा आणि हात, दोन जागा, मध्ये हातभर अंतर. तेवढ्यावर तो माणूस पंढरपूर गाठतो. नुसत्या मुठीत काठी उभी धरून बघा, वारं सुटलं की मनगट भरून येईल. गाडीवरची काठीही अशीच दोन जागी धरलेली हवी, आणि त्या दोन जागांमध्ये निदान एक फूट अंतर हवं.

का, ते हिशोबाने समजून घ्या. वरच्या आधारापासून काठी चार फूट वर गेली आहे आणि झेंडा तिला टोकाशी दोन किलोने मागे ओढतो आहे असं धरा. दोन आधारांमध्ये एक फूट अंतर असेल तर खालच्या आधारावर आठ किलोचा ताण येतो आणि वरच्यावर दहाचा. तेच अंतर तीन इंच ठेवलं तर खाली बत्तीस आणि वर चौतीस. कॅरिअरला मारलेल्या दोन टाक्यांमध्ये तीन इंचच अंतर असतं. तरी यात खड्ड्यातला झटका धरलेलाच नाही. टाका तुटतो तो वेल्डिंग कच्चं म्हणून क्वचितच; बहुतेक वेळा आधार जवळजवळ दिलेले असतात म्हणूनच तुटतो.

आता गाडीवर जागा कुठली घ्यायची? डावी बाजू, मागचं चाक, सीटच्या शेपटाजवळ. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणजे उजवीकडे कापड खाली लोंबलं तर भाजणार. शिवाय ओव्हरटेक करणारा उजवीकडून जातो, त्याच्या अंगावर झेंडा जायला नको. डावीकडे साडी गार्ड असतो. त्याची खालची पट्टी हा आपला पहिला आधार आणि सीटमागचं धरायचं हँडल हा दुसरा. दोन्ही कारखान्यातून बोल्टने बसवून आलेले, लोखंडी. प्लॅस्टिकच्या पॅनेलला, नंबरप्लेटच्या पट्टीला किंवा इंडिकेटरच्या दांड्याला काहीही बांधू नका.

इथे एक गोष्ट फार थोडी मुलं बघतात. मागचं चाक ज्या दांड्यावर वरखाली होतं, त्या स्विंग आर्मला कधीही आधार देऊ नका. एक आधार स्विंग आर्मला आणि दुसरा हँडलला दिला तर प्रत्येक खड्ड्यात खालचा आधार वर येणार आणि वरचा आहे तिथेच राहणार. अशी काठी पिरगळून फुटते नाहीतर क्लॅम्प निसटतो. बांधून झालं की सीटवर बसून चार वेळा जोराने उसळा आणि दोस्ताला खाली बसून बघायला सांगा. दोन्ही आधार एकत्र हलले पाहिजेत.

साहित्य फार लागत नाही. काठी बसवायला सव्वा इंची काळा पाईप, सव्वा फूट. जीआय पाईप आणू नका, कारण त्यावरचं जस्त वेल्डिंगला जळतं, त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. काळा पाईप घ्यायचा, बुडाला पत्र्याची चकती वेल्ड करायची, चकतीला मधोमध बोटभर भोक पाडायचं म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. मग रेड ऑक्साइड, वरून रंग. हे सगळं काम टेबलावर करायचं. गाडीवर वेल्डिंग करायचं नाही, हे माझं म्हणणं पक्कं आहे. चौकटीचं लोखंड तापून कमजोर होतं, रंग जळून आतून गंज धरतो. आणि एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांच्या पोटात इतकी इलेक्ट्रॉनिक्स असते की वेल्डिंगचा करंट फिरला तर झेंड्यापायी गाडी शोरूमच्या दारात उभी राहील. कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत कायमचा फेरफार करू देत नाही. आपण जे बनवतो ते पाना घेऊन दहा मिनिटांत उतरवता आलं पाहिजे.

पाईप गाडीला धरायला दोन यू-बोल्ट, वर एक, खाली एक. यू-बोल्ट आणि हँडल यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा दोन पदरी तुकडा घाला. रंगही वाचतो आणि पकडही घट्ट बसते. नट साधा नको, नायलॉक घ्या. त्याच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते, त्यामुळे इंजिनाच्या थरथरीने तो सैल होत नाही. बुलेटवाल्यांनी तर साध्या नटाचा विचारही करू नये. बसवल्यावर पहिले पाच-सहा किलोमीटर चालवा, थांबा आणि पाना पुन्हा एकदा फिरवा. रबर दबून बसतं, सुरुवातीला प्रत्येक नट थोडा तरी फिरतोच.

काठीबद्दल सगळ्यात जास्त वाद होतो. कुणाला स्टीलचा पाईप हवा असतो, कुणाला चकचकीत अॅल्युमिनियम. माझं मत बांबूचं आहे आणि त्याला कारण आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांवर घरगुती विजेच्या तारा रस्त्यावरून आडव्या गेलेल्या असतात, कुठे कुठे बऱ्याच खाली झोळ आलेला असतो. धातूची काठी तारेला लागली तर पुढचं बोलायला नको. वाळलेला बांबू तरी थोडी दया करतो. भिजलेला बांबू मात्र तीही करत नाही, हे ध्यानात ठेवा. म्हणून काठीची उंची मोजूनमापूनच घ्या: जमिनीपासून टोकापर्यंत सात फूट, त्यापुढे नको. काठी पाईपमध्ये बसवायची, पाईपाचं बूड जमिनीपासून साधारण दीड फुटावर येतं, म्हणजे काठी साडेपाच फुटांची झाली. बसक्या गाडीवर उंच झेंडा दिमाखदार दिसतो हे मला मान्य आहे. पण झोळ आलेली तार कुणाचं वय बघत नाही.

बांबू शोधायला लांब जायला नको. नारायणगावच्या टोमॅटोवाल्यांकडे हंगाम संपला की बांधावर बांबूचे ढीग असतात, मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. पण त्या ढिगातला पहिला हाताला लागलेला उचलू नका. पावसाळाभर मातीत रोवलेल्या टोकाला कीड लागते. काठी उभी करून दगडावर आपटा. बारीक पिठासारखी भुकटी गळली तर ती काठी चुलीत घाला. हिरवी काठी वाकते खरी, पण वाळताना वेडीवाकडी होते आणि पाईपमध्ये सैल पडते. भरीव, वाळलेली, इंचभर जाडीची, गाठी जवळजवळ असलेली घ्या. दोन्ही टोकं दोन विटांवर ठेवा, मधोमध हाताने हळूहळू दाबा आणि कान द्या. बारीक तडतड ऐकू आली तर आत चीर आहे. जाड बूड खाली, निमुळतं टोक वर. बूड पाईपमध्ये हलायला लागलं तर ट्यूबची पट्टी गुंडाळून ते घट्ट करा, पाचर ठोकू नका. पाचरीने बांबू उभा फाटतो.

पाईप आणि काठी यांना जोडणारी पिन ही या सगळ्यातली माझी आवडती वस्तू. ट्रॅक्टरच्या अवजारांना लावतात ती लिंच पिन, अवजारांच्या कुठल्याही दुकानात मिळते. पाईपच्या तळाकडे आरपार भोक पाडायचं, काठीलाही गाठीच्या लगेच वर तसंच भोक, आणि भोकाच्या वर-खाली बारीक तारेचे पाच-सहा वेढे घट्ट आवळायचे म्हणजे बांबू तडकत नाही. पिन घातली की काठी उडी मारून वर येत नाही, आणि काढायची म्हटलं तर एका बोटाचं काम. ही सोय केवळ हौसेसाठी नाही. गाडी शिवनेरीच्या पायथ्याला राहते, झेंडा मात्र वर जायचा असतो. पिन काढायची, काठी खांद्यावर घ्यायची, वाटेत शिवाईदेवीचं दर्शन घ्यायचं आणि सात दरवाजे चढून वर जायचं. टाके मारलेली काठी खाली उन्हात तशीच उभी राहते, गर्दीतला कुणीही तिला हात लावून जातो. 1630 साली ज्या गडावर महाराजांचा जन्म झाला, तिथे पोचूनही आपला झेंडा पार्किंगमध्ये ठेवायचा, हे मला कधीच पटलं नाही.

वर गेलात की एक करा. 2025 च्या जुलैत शिवनेरीसह 12 किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. तुटलेली काठी, फाटलेलं कापड, सुतळीचे तुकडे, जे जे घेऊन गेलात ते ते खाली घेऊन या. तटाच्या फटीत काठी खोचून ठेवली तर चुन्याचा सांधा ढिला होतो.

आता कापड. हायवेवर दोन बाय तीन फुटांपेक्षा मोठा झेंडा नको. वाऱ्याचा ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 20 ला जो ओढा असेल, तो 40 ला चौपट होतो आणि 60 ला नऊपट. समोरून 20 चा वारा असेल आणि तुम्ही 40 ने चालला असाल, तर झेंड्याला 60 चंच वारं लागतंय. चार बाय सहाचा झेंडा मिरवणुकीत, पायी, दोघांनी मिळून धरून न्यायचा. तो गाडीवर आला की गाडीचं मागचं चाक तो चालवतो, तुम्ही नाही.

तीन फुटांचं माप मी आणखी एका कारणासाठी सांगतो. सिग्नलला किंवा टोलजवळ गाडी थांबली की झेंडा खाली पडतो, आणि त्याचं लांबचं टोक वरच्या कोपऱ्यापासून तिरक्या मापाइतकं खाली येतं. दोन बाय तीनचं तिरकं माप साडेतीन फुटांहून थोडंसं जास्त भरतं. काठीचं टोक सात फुटांवर, म्हणजे लोंबतं टोक जमिनीपासून जवळपास साडेतीन फुटांवर. टेललाइट मोकळी, इंडिकेटर मोकळा, नंबरप्लेट मोकळी, साखळी आणि चाक लांब. झेंडा अर्धा फूट लांब केला तर हा हिशोब बिघडायला लागतो. गाडी उभी करून, वारं नसताना, झेंडा लोंबता सोडून मागून बघा, मगच निघा.

शिलाईला पैसे वाचवू नका. झेंडा आधी उडत्या टोकाला उसवतो, म्हणून तिकडची कड दोनदा दुमडून दुहेरी शिलाई आणि दोन्ही कोपऱ्यांना आतून तिकोनी ठिगळ. काठीकडचा नेफा सैल ठेवा. नेफा काठीला आवळून बांधला तर वारं फिरलं की झेंडा काठीला गुंडाळून बसतो आणि मग सोडवायला थांबावं लागतं. सैल नेफा काठीभोवती मोकळा फिरतो. त्याच्या वर एक टोपी, खाली ट्यूबची जाड कडी, म्हणजे झेंडा ना वर निसटतो ना खाली घसरतो. कापड हलकं हवं. सॅटिन चकाकतं, पण पहाटेच्या दवात भिजलं की जड होतं, आणि आपल्याकडे फेब्रुवारीतल्या पहाटे दव पडतंच.

पुढच्या हँडलला, आरशाच्या दांड्याला किंवा लेग गार्डला काठी लावू नका. हँडलला लावलेली काठी वळताना क्लचची केबल ओढते, आणि लेग गार्डची काठी झेंडा थेट तुमच्या हातावर आणि डोळ्यांवर आणते. स्कूटी चालवणाऱ्या पोरींनी मागच्या हँडलला एक फुटाची छोटी पताका लावावी. स्कूटीला खालचा आधार मिळत नाही, त्यामुळे मोठ्या काठीचा हट्ट नको.

मागे बसलेल्याच्या हातात काठी द्यायची नाही, हे मी ओरडून सांगतो. फूटरेस्टवर उभं राहून झेंडा फिरवणारा पोरगा लोकांना शूर वाटतो. त्याच्या एका हातात झेंडा, दुसरा हात हवेत, आणि चालवणाऱ्याने खड्डा चुकवला की तो कुठे जाईल हे त्याच्याही हातात नाही. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट हवं, तिसरा कुणी नाही. फेट्यावर हेल्मेट बसत नाही ही तक्रार दरवर्षी येते. फेटा डिकीत ठेवा, पायथ्याला बांधा. तिथेच तर तो शोभतो.

वाटेत तीन ठिकाणी सांभाळा. बायपासवर समोरून कंटेनर आला की तो आधी हवा ढकलतो आणि मग ओढतो. झेंडा एकदा डावीकडे, लगेच उजवीकडे जातो. अशा वेळी दोन्ही हात हँडलवर घट्ट, वेग चाळिसाच्या आत. दुसरं, फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. विघ्नहर आणि भीमाशंकर दोन्ही साखर कारखान्यांकडे उसाच्या दुहेरी ट्रॉल्या चालू असतात, आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली असतात. त्यात झेंडा अडकला तर काठी जाईल, किंवा तुम्ही. ट्रॉलीला ओव्हरटेक करताना दोन माणसं मावतील एवढी जागा सोडा, नाहीतर मागेच राहा. तिसरं, गावात शिरल्यावरच्या तारा. त्या मी वर सांगितल्या.

ज्योत आणणाऱ्या मंडळांचं गणित वेगळं असतं. शिवनेरीवर मशाल पेटवून पोरं रात्रभर पळत गावी आणतात, आणि झेंड्याची गाडी सोबत असते. इथे वेग कमी, म्हणून ओढा कमी, पण दोन नव्या गोष्टी येतात. एक म्हणजे आग. मशालीच्या ठिणग्या वाऱ्यासोबत जातात, आणि सॅटिनचं कापड क्षणात पेट घेतं. निघण्याआधी मूठभर माती उडवून वारं कुठून येतंय ते बघा आणि झेंड्याची गाडी वारं येतंय त्या बाजूला ठेवा. ती ज्योतीच्या अगदी पुढेही नको, कारण सायलेन्सरचा धूर पळणाऱ्याच्या तोंडात जातो; निदान चाळीस पावलं अंतर राखा. दुसरी गोष्ट, मागून वारं आलं तर एवढ्या कमी वेगात झेंडा पुढे येऊन चालवणाऱ्याच्या तोंडावर बसतो. असं झालं की हट्ट न करता झेंडा काठीला गुंडाळा, ट्यूबचा रबर चढवा आणि गावच्या वेशीजवळ सोडा. मागे शेवटची एक गाडी लुकलुकता दिवा लावून ठेवा. रात्री एकट्यादुकट्याने मागे रेंगाळू नका. आपला तालुका बिबट्यांचा आहे आणि उसाच्या फडाशेजारून जाणारा एकटा पोरगा मला नको आहे.

तिथीची जयंती, फाल्गुन वद्य तृतीया, उन्हं तापल्यावर येते. तेव्हा दुपारचे वारे भोवऱ्यासारखे फिरतात. त्या दिवशी सकाळी लवकर जाऊन ऊन चढायच्या आत परत या.

तिरंग्याबद्दल वेगळं सांगतो, कारण 15 ऑगस्टला तुम्ही हीच काठी घेऊन येता. राष्ट्रध्वज गाडीवर लावायचा अधिकार ध्वजसंहितेने राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरलेल्या पदांनाच दिला आहे. राष्ट्रध्वजाच्या अवमानाविरुद्धच्या 1971 च्या कायद्याने तो गाडीच्या टपावर, बाजूला किंवा पाठीवर पांघरायलाही मनाई आहे. हर घर तिरंगा घरासाठी आहे, त्याला घराची गच्ची आहे, दार आहे. गाडीची ही नळी त्या दिवशी रिकामी ठेवा. ज्या पोरांना भगव्याचा मान कळतो, त्यांना तिरंग्याचाही कळावा, एवढं मी तुमच्याकडून धरून चालतो.

घरी आलात की त्याच दिवशी झेंडा उतरवा. मे महिन्यापर्यंत गाडीवर राहिलेले झेंडे मी बघतो: उन्हाने पांढरे पडलेले, कडा झिरमिळ्या झालेल्या, त्यावर डिझेलचा काळा थर. गार पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, घडी घालून सुती कापडात ठेवा. काठीला जवस तेलाचा हात द्या आणि ती आडवी ठेवा, उभी ठेवली तर वाकते. यू-बोल्टचे नट अर्धा वेढा सैल करून तेलाचा थेंब सोडा. आणि पाईपच्या तोंडाला लाकडाचं बूच मारा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि पुढच्या वर्षी काठी बसेना म्हणून तुम्ही पुन्हा माझ्याकडे याल.